सही आधी, पंगत मग

मोर्णेला पूर आला आणि अकोल्याच्या एका वसतिगृहातल्या पोरांनी पैजेखातर पुलावरून उड्या मारल्या, तिथून या गोष्टीला सुरुवात झाली. पोरं कॉलेजच्या पहिल्या वर्षाची. एकानं मारली म्हणून दुसऱ्यानं, दुसऱ्यानं मारली म्हणून तिसऱ्यानं. तिसऱ्याला पोहता येत नव्हतं. तसं तो बोलला नाही, कारण बाकीचे बघत होते. खाली बाभळीच्या झुडपात अडकला, भोयांनी ओढून काढला, म्हणून वाचला.

साप निघून गेल्यावर भुई धोपटायची तर ती रीतसर ठराव करून धोपटावी, अशी शिकलेल्या माणसांची पद्धत असते. वऱ्हाडातल्या चार कॉलेजांनी मिळून ठरवलं की पुढच्या साली पहिल्या वर्षाच्या मुलांना अवांतर वाचनासाठी एक कादंबरी लावायची. परीक्षेला नाही, पण तासाला, वर्गात वाचायची. चारचौघांच्या नादानं पोरगं कसं वाहवतं आणि शेवटी ‘नाही’ म्हणायला कसं शिकतं, हे त्या कादंबरीत असावं. ही एकोणीसशे बासष्टची गोष्ट. कादंबरी निवडायला एक समिती नेमली, आणि समितीत अमरावतीहून श्रावण खंडारेला घेतलं.

श्रावण तिथल्या एका कॉलेजात मराठी शिकवायचा. वय तिशीच्या जरा पुढं, पण चालायचा पन्नाशीच्या माणसासारखा. कॉलेजात कुठलंही बिनमानधनाचं काम निघालं की सगळे म्हणत, खंडारेंना द्या, ते नाही म्हणत नाहीत. आणि ते खरंच होतं. बापाच्या, डोमाजी खंडारेच्या घरातून कॉलेजच्या खुर्चीपर्यंत पोचलेला हा पहिलाच माणूस. खुर्ची अजून नवीन होती, आणि नव्या खुर्चीवर माणूस जरा सांभाळूनच बसतो.

समितीत बाकी तिघं. अध्यक्ष अकोल्याचे प्राचार्य वामनराव. अकोटच्या कॉलेजातले गावंडे, जे काही न वाचता कशावरही बोलू शकत. आणि अमरावतीच्याच मुलींच्या कॉलेजातल्या जमुनाबाई काळमेघ, ज्या सगळं वाचत आणि कशावरच बोलत नसत.

या समितीची एक रीत होती. बैठक वामनरावांच्या घरी, अकोल्याला. सकाळी चर्चा, मग ठराव, ठरावावर चौघांच्या सह्या, आणि मग पंगत. फार पूर्वी एका समितीतले सभासद आधी जेवले, पान खाल्लं, आणि ठराव तसाच टाकून गाडीला पळाले. तेव्हापासून वामनरावांनी नेम केला होता, सही आधी, पंगत मग. ठरावाखाली ‘एकमताने’ हा शब्द असायचाच. एकदा तर बैठक सुरू व्हायच्या आधीच तो लिहून ठेवलेला श्रावणनं पाहिला होता.

वामनरावांच्या घरची पंगत ही श्रावणसाठी साधी गोष्ट नव्हती. तो अकोल्याला शिकत असताना, म्हणजे धर्मांतराच्याही आधी, वामनरावांनी वर्गातल्या पाच-सहा पोरांना घरी जेवायला बोलावलं होतं, आणि त्यात श्रावणला बोलावलं होतं. वेगळं पान नाही, ओसरीवर नाही, सगळ्यांच्या ओळीत. पार्वताबाईंनी स्वतःच्या हातानं वाढलं. दुसऱ्या दिवशी त्यांची स्वयंपाकीण काम सोडून गेली, आणि वामनरावांच्या थोरल्या भावानं वर्षभर त्या घरचं पाणी घेतलं नाही. वामनरावांनी हे कधी बोलून दाखवलं नाही. दाखवलं असतं तर बरं झालं असतं. बोलून दाखवलेला उपकार माणूस कधी ना कधी फेडतो. न बोललेला जन्मभर तसाच राहतो.

तर श्रावणनं हिवाळाभर कादंबऱ्या वाचल्या. कॉलेज करून, पेपर तपासून, रात्री चतुरा भांडी घासायला बसली की हा पुस्तक घेऊन बसायचा. संगतीवर कादंबऱ्या बऱ्याच होत्या, पण प्रत्येकीत पोरगं बिघडायला एक बाई लागत होती. बाईशिवाय पोरगं बिघडवायचं कसब आपल्या लेखकांना फारसं साधलेलं नाही. आणि बाई आली की वामनराव पुस्तक बाजूला ठेवत, कारण मुलींच्या कॉलेजातही तेच वाचायचं होतं. अशी चाळणी लावता लावता शेवटी एकच उरली. तिचं नाव सांगण्यात अर्थ नाही, आता ती कोणी वाचतही नाही.

भाषा सुरेख होती. गावच्या पाटलाचा सालस मुलगा शहरात शिकायला येतो. खोलीवर एक टोळकं जमतं, आणि टोळक्याचा म्होरक्या म्हादू. तोच त्याला विडी शिकवतो, पत्ते शिकवतो, वाचनालयातली पुस्तकं चोरून विकायला शिकवतो. म्हादू गावकुसाबाहेरच्या वस्तीतला. लेखकानं जात लिहिली नव्हती. लिहायची गरज नव्हती. वस्ती, बापाच्या हातातली काठी, म्हादूच्या अंगाचा वास, सगळं लिहिलं होतं. शेवटी पाटलाचा मुलगा ‘नाही’ म्हणतो, घरी जातो, आईच्या पायावर डोकं ठेवतो. म्हादूचं पुढं काय झालं ते लेखकानं सांगितलं नाही.

श्रावणनं पुस्तक मिटलं. त्या साली त्याच्या वर्गात शिष्यवृत्तीवर आलेली पोरं पूर्वीपेक्षा जास्त होती. आजूबाजूच्या खेड्यांतली, बौद्ध झालेल्या घरांतली. कोणी मामाकडं राहून शिकत होतं, कोणी वसतिगृहात. मागच्या बाकांवरून हळूहळू मधल्या बाकांपर्यंत आली होती ती. हे पुस्तक वर्गात मोठ्यानं वाचलं की ती पुन्हा मागं जाऊन बसणार, हे त्याला दिसत होतं. कोणी त्यांना जा म्हणणार नाही. आपोआपच जातील.

हे होऊ द्यायचं नाही, एवढं त्यानं ठरवलं.

मार्चमधल्या बैठकीत तो बोलला. बोलण्याआधी दोनदा पाणी प्यायला.

“सर, हा म्हादू वस्तीतलाच का?”

“कुठला तरी असणारच ना तो,” वामनराव म्हणाले.

“मोर्णेत उड्या टाकणारी पोरं कुठली होती?”

सगळ्यांना ठाऊक होतं. एक वकिलाचा मुलगा होता, एक जिनिंगवाल्याचा, आणि तिसरा, तो झुडपात अडकलेला, गावंड्यांचा भाचा. गावंड्यांना खोकला आला. जमुनाबाई कागदाच्या कडेला पेन्सिलीनं चौकोन काढत होत्या, त्यांनी आणखी एक काढला.

वामनरावांनी चष्मा काढून पुसला. “मुद्दा खरा आहे खंडारेंचा,” ते म्हणाले. माणूस न्यायी होता, यात शंका नाही.

“त्यात काय एवढं!” गावंडे लगेच म्हणाले. “वस्ती काढून टाकू. विद्यार्थ्यांसाठी वेगळी आवृत्ती करू. खंडारेच करतील, त्यांना सुट्टी आहेच.”

सगळ्यांना हायसं वाटलं. वामनरावांनी लेखकाला विचारायचं कबूल केलं. पुढं लेखकाचं उत्तरही आलं, की प्रती घेणार असाल तर काय हवं ते करा. ठरावात मात्र त्याच दिवशी लिहिलं गेलं, ‘वस्तीचा उल्लेख बदलून, एकमताने’. सह्या झाल्या, आणि श्रावण त्या दिवशी पोटभर जेवला.

मे महिन्यात फ्रेजरपुऱ्यातल्या खोलीत तो त्या कादंबरीला बसला. अमरावतीचा मे. पत्रे तापायचे, घामानं कागद हाताला चिकटायचा. वस्ती काढायची म्हटली तर म्हादूला राहायला न्यायचा कुठं? आधी त्याला माळ्याचा केला. मग आठवलं, पुढच्या बाकावरचा जिरापुरे सकाळी भाजीची पाटी उतरवून वर्गात येतो. म्हादूला तेल्याचा केला, तर दोन मुली डोळ्यांसमोर आल्या. बाऱ्याचा केला, धनगराचा केला, कोष्ट्याचा केला. मुसलमान करायचा विचार तर मनात आल्याबरोबर टाकला. ज्या ज्या घरात म्हादूला नेऊन सोडावं, त्या त्या घरातलं एक पोरगं वर्गात बसलेलं. अख्खी बलुतेदारी संपली, म्हादू बिनघराचाच.

“सुट्टी हाय म्हन्ता, अन् पोराकडं पाहाले वेळ नाही,” चतुरा म्हणाली. धर्मपाल, चार वर्षांचा, त्याच्या पायाशी लाकडी गाडी फिरवत होता. “कोनाचं काम करून राह्यले तुमी हे?”

“माह्यंच आहे,” तो म्हणाला, आणि त्याला ते तेव्हा खरंच वाटत होतं.

मग एका दुपारी त्यानं म्हादूला पाटलाच्याच वाड्यात नेला. नायकाचा सख्खा चुलतभाऊ केला, नाव माधव ठेवलं. आणि नवल झालं. कादंबरी सुधारली. परक्या पोराला नाही म्हणणं सोपं असतं, बरोबर वाढलेल्या भावाला नाही म्हणताना जीव अर्धा होतो. आता त्या सालस पोराची तगमग खरी वाटायला लागली. श्रावणनं आठ-दहा पानं नव्यानं लिहिली, उठून तोंड धुतलं, आणि धर्मपालला खांद्यावर घेऊन राजकमल चौकापर्यंत हिंडवून आणलं. फार दिवसांनी तो खुशीत होता.

जूनमधल्या बैठकीला तो आणि जमुनाबाई एकाच गाडीनं बडनेऱ्याहून अकोल्याला गेले. वाटेत त्यांनी त्याचं हस्तलिखित वाचलं. “छान झालंय,” एवढंच म्हणाल्या, पण मूर्तिजापूर मागं पडेपर्यंत त्या पानांवरून हात फिरवत होत्या.

वामनरावांच्या परसात रोडगे भाजायला टाकले होते. गोवऱ्यांचा धूर बैठकीच्या खोलीपर्यंत येत होता. वामनरावांनी पानं चाळली आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली.

“चुलतभाऊ?”

“हो सर.”

“अरे, पाटलाच्या घरातलं पोरगं चोऱ्या करतं?”

“पाटलाचाच तर मुलगा करतोय सर चोऱ्या. फक्त शिकवणारा भाऊ आहे.”

“तो संगतीनं करतो. हा स्वतःहून करतो. फरक आहे.” वामनरावांनी पानं खाली ठेवली. “आपल्या घरातला मुलगा आपल्या पोराला बिघडवतो, असं पुस्तक मी पालकांच्या हातात कसं देऊ?”

“मग कोणाच्या घरातला बिघडवतो, सर?”

हे जरा जोरात निघालं. गावंडे खिडकीबाहेर पाहायला लागले, आणि मग मार्चमधलं स्वतःचंच म्हणणं साफ विसरून म्हणाले, “मी म्हणतो, लेखकाच्या लिखाणात ढवळाढवळ करणारे आपण कोण? आहे तशीच लावा. वर्ग सुरू व्हायला पंधरवडा उरला, नवी निवडायला वेळ कुठं आहे? आणि जे आहे ते आहे. सगळे म्होरके काही वाड्यातून येत नाहीत.”

वामनरावांनी पेन उचललं. त्यांना ते पटलं होतं असं नाही. पण पालकांच्या भानगडीत पडायचं त्यांचं वय राहिलं नव्हतं. त्यांनी ठराव पुढं ओढला, ‘मूळ स्वरूपात, एकमताने’ असं लिहिलं, आणि सही केली. गावंड्यांनी केली. कागद जमुनाबाईंकडं आला. त्यांनी तो पुष्कळ वेळ पाहिला, श्रावणकडं एकदा पाहिलं, आणि बारीक अक्षरात सही केली.

“मी नाही करत, सर,” श्रावण म्हणाला.

“बरं,” वामनराव म्हणाले. रागानं नाही. “बस मग. विचार कर.”

आणि सगळे बसले. कोणी त्याला धमकावलं नाही. तसं झालं असतं तर त्याला सोपं गेलं असतं, तो ताठ झाला असता. इथं नुसतं बसणं होतं. गावंड्यांनी घड्याळ पाहिलं. आत ताटं मांडल्याचा आवाज आला. धुरात आता भाजलेल्या कणकेचा वास मिसळला होता, आणि पहाटेपासून कोणाच्याच पोटात चहापलीकडं काही नव्हतं.

“तुम्ही जेवून घ्या,” श्रावण म्हणाला. “माझ्या सहीशिवाय तिघांच्या मतानं मंजूर लिहा. मी निघतो.”

“तू उपाशी उठून जाशील, अन् आम्ही जेवू?” वामनरावांचा आवाज पहिल्यांदाच दुखावल्यासारखा झाला. “ह्या घरातून तू न जेवता जाशील? श्रावण, तुले काय वाटते, मी तसं होऊ देईन?”

ते खरंच होऊ देणार नव्हते. श्रावणनं जमुनाबाईंकडं पाहिलं. गाडीत पानांवरून हात फिरवणारी बाई आता स्वतःच्या बांगड्या मोजत असल्यासारखी बसली होती. एक शब्द, त्याच्या मनात आलं. बाई, तुम्ही एक शब्द बोला, मग मी संध्याकाळपर्यंत असाच बसतो.

दारात पार्वताबाई आल्या. आता थकल्या होत्या, केस पांढरे झाले होते, हाताला राख लागली होती. ठरावबिराव त्यांना काही ठाऊक नव्हतं. सगळे आपले एका माणसाकडं पाहत बसले आहेत एवढं त्यांनी पाहिलं, आणि तो माणूस श्रावण आहे म्हणून त्यांना बरंच वाटलं.

“श्रावण, रोडगे थंडे होऊन राह्यले ना बाबू. तुह्यासाठी सगळे थांबले. काय असंल ते करून टाक.”

काय असेल ते. हिवाळाभर वाचलेलं, मेभर लिहिलेलं, सगळं त्यात आलं. श्रावणला एकाएकी इतका थकवा आला की खुर्चीत मान टाकून झोपावंसं वाटलं. या बाईनं आपल्याला वाढलं, तेव्हा तिच्या घरचं पाणी बंद झालं होतं. तिला आज दारात ताटकळत ठेवून आपण कोणती लढाई जिंकणार आहोत? चार माणसं भुकेली आहेत आणि ती आपल्यामुळं. हा विचार त्याला त्या क्षणी फार मोठा वाटला. मागचे बाक, मधले बाक, सगळं त्याच्या आड गेलं.

त्यानं सही केली.

पंगत झाली. वांग्याची भाजी झणझणीत होती, वरणावर तुपाची धार होती. पार्वताबाईंनी आग्रह करकरून त्याला वाढलं, आणि त्यानं सगळं खाल्लं, कारण ताटात टाकणं त्या घरी शोभलं नसतं. हात धुताना वामनराव त्याच्याजवळ येऊन हळूच म्हणाले, “तुझं चूक नव्हतं रे. पण सगळ्यांना घेऊन चालावं लागते.” त्यानं मान हलवली.

परतीच्या पॅसेंजरमध्ये गर्दी नव्हती. जमुनाबाई समोरच्या बाकावर बसल्या होत्या. बोरगाव गेलं, काटेपूर्णा गेलं. मग त्या म्हणाल्या, “मला तुमचं पूर्ण पटलं होतं.”

“सही का केलीत मग?”

“वाटलं, तुम्ही करणार नाहीच. मग अडेलच सगळं.” त्या खिडकीबाहेर बघत होत्या. “आणखी थोडा वेळ बसला असतात ना, तर मी बोलणार होते. शब्द जुळवत होते मनात.”

“इथं बोलताय तसंच बोलायचं होतं, बाई.”

“इथं आपण दोघंच आहोत,” जमुनाबाई म्हणाल्या. “तिथं सगळे होते.”

त्याला त्यांचा राग यायला हवा होता. आला नाही. कोणत्या तोंडानं येणार? तोही त्यांच्याच शब्दाची वाट पाहत होता.

जुलैत कॉलेज सुरू झालं, पुस्तकं आली. श्रावणनं जमेल तितकं टाळलं. पहिले तास प्रस्तावनेत घालवले, मग भाषेच्या सौंदर्यावर बोलला. पण म्हादूच्या वस्तीची पानं कधी तरी येणारच होती. त्यानं ती भराभर वाचली, आवाज चढू न देता, वर मान न करता. वाचून झाल्यावर त्यानं वर्गाला बोलू दिलं नाही. तो स्वतःच बोलत राहिला. चारचौघं म्हणतात म्हणून आपण हो म्हणायचं नाही, एकट्यानं नाही म्हणायला छाती लागते, हेच या पुस्तकाचं सार, असं काहीबाही. पोरं लिहून घेत होती.

मुलींच्या बाजूनं भागीरथा वाकोडे उभी राहिली. दर्यापूरकडच्या खेड्यातली, बौद्ध घरातली, शिष्यवृत्तीवर आलेली. वर्गात तिनं आजवर तोंड उघडलं नव्हतं. पुस्तक तिनं छातीशी धरलं होतं, बोट त्या पानात घालून.

“सर, हे पुस्तक कोनं निवडलं?”

“समितीनं.”

“समितीत कितीक जन होते?”

“चार.”

“अन् चारात कोनीच नाही म्हटलं नाही?”

म्हटलं होतं, असं सांगता आलं असतं. ते खोटंही नव्हतं. एका माणसानं नाही म्हटलं होतं, मार्चमध्ये म्हटलं, जूनमध्ये म्हटलं, आणि मग हात धुऊन जेवायला बसला होता.

“नाही,” श्रावण म्हणाला. “एकमतानं झालं.”

“तुमी होते काय त्याच्यात?”

“होतो.”

भागीरथा त्याच्याकडं बघत राहिली. तिच्या डोळ्यांत राग नव्हता. तिला खरंच समजून घ्यायचं होतं.

“तुमीबी हो म्हटलं?”

वर्गात तो नेहमी पुस्तकी मराठी बोलायचा, एक शब्द इकडचा तिकडं होऊ द्यायचा नाही.

“हो माय,” तो म्हणाला. “मीबी.”